पालटलेल्या बारा चादरी

कालव्याच्या काठाने निम्मा रस्ता सरला तरी थोरली एक शब्द बोलली नव्हती. धाकटीला आता काळजी वाटायला लागली.

एरवी दाराला कडी लागली की थोरलीचं तोंड सुरू व्हायचं. पूल दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होता. बारा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागत होता, आणि तो पाऊण तास थोरलीने पहिल्या दिवसापासून गप्पांत सत्कारणी लावला होता. "तो बघ समोर दवाखाना. खिडक्या मोजाव्यात इतका जवळ. आणि आपण घालतोय अख्ख्या गावाला वळसा. काखेत कळसा म्हणतात तो हाच." त्यावर धाकटीने म्हणायचं, "मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ताई, पूल बंद करायला नव्हतं सांगितलं." हा विनोद दहा दिवस चालला होता आणि दोघींनाही अजून त्याचा कंटाळा आला नव्हता.

दोघी जावा. नवरे म्हणजे सख्खे भाऊ, चार वर्षांच्या अंतराने गेले, आणि दोन घरांचं एक घर झालं, त्याला आता सतरा वर्षं झाली. थोरली मोठ्या दवाखान्याच्या कपडेखोलीत शिवणारी, सव्वीस वर्षं. धाकटी दवाखान्याला लागून असलेल्या शाळेचं वाचनालय सांभाळते. जातात बरोबर, येतात बरोबर. एकमेकींना टोमणे मारतात, पण तिसऱ्या कुणी मारलेला खपवून घेत नाहीत.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"मग सकाळपासून मूग गिळून का बसलात?"

कालव्याचं पाणी अडवायचा लोखंडी दरवाजा आहे, तिथे थोरली थांबली. शेजारी बाक होता. ती बसली नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात टेकला.

"मी एक घोळ करून ठेवलाय," ती म्हणाली. "सोमवारी केला. कळला काल संध्याकाळी."

तो घोळ कळायला थोरलीचं काम कळायला हवं. दवाखान्याची चादर आधी विरते ती मधोमध, जिथे माणसाची पाठ टेकते तिथे. कडा मात्र धडधाकट राहतात. मग शिवणारी ती चादर मधून उभी कापते, दोन्ही धड कडा आत आणून एकमेकींना जोडते, आणि विरलेला भाग कडेला जातो, गादीखाली दडतो. चादर आणखी दोन वर्षं चालते. तिला म्हणायचं पालटलेली चादर. काटकसरीचं काम आहे, आणि थोरलीच्या हातची पालटलेली चादर बघून नवीन घेतली का असं विचारणारेही होते.

पण पालटलेल्या चादरीला मधोमध शिवण येते. उठत्या-बसत्या माणसाला ती जाणवतही नाही. जो माणूस आपली कूस आपण बदलू शकत नाही, त्याच्या पाठीखाली मात्र ती शिवण दोन दिवसांत लाल रेघ उठवते आणि चार दिवसांत जखम करते. म्हणून नियम असा: पालटलेली चादर चालत्या रोग्यांच्या वॉर्डात, अखंड चादर निजलेल्यांच्या वॉर्डात. शाई धुलाईत जाते, दोरा राहतो. म्हणून कोपऱ्यात दोऱ्याची खूण. पालटलेलीला निळी गाठ, अखंडला हिरवी. वॉर्डातल्या मुली कोपरा बघतात आणि चादर घालतात. आणखी कुणी काही तपासत नाही, कारण गाठ थोरलीने मारलेली असते.

"सोमवारी बारा पालटलेल्या चादरींना मी हिरवी गाठ मारली," थोरली म्हणाली. "बाराच्या बारा निजलेल्यांच्या वॉर्डात गेल्या. काल त्यातली एक दुमड उसवली म्हणून परत आली. हाताला मधली शिवण लागली. लाँड्रीवाल्या दादांना विचारलं, हा दोरा कुठला? ते म्हणाले, हिरवा, दुसरा कुठला असणार?"

"तुम्हाला नाही दिसला?"

थोरलीने कालव्याकडे बघितलं. "मला दोन्ही सारखेच दिसतात गं. चार महिने झाले. सगळ्यावर पिवळट पापुद्रा आल्यासारखं."

"आणि त्या दवाखान्याच्या खिडक्या?"

"त्या मी आठवणीने सांगत होते."

धाकटी बाकावर बसली. तिला एकदम कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. ताई हल्ली भाजी निवडायचं काम तिच्याकडे का सरकवतात, पत्रं आली की "तूच वाच, तुझा आवाज छान आहे" असं का म्हणतात. सतरा वर्षांत कधी आवाजाचं कौतुक झालं नव्हतं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

"मग चार महिने काम कसं केलंत?"

"जागेवरून. खणात उजवीकडे निळं रीळ, डावीकडे हिरवं. डोळे मिटूनही चुकले नसते. शनिवारी टापटीपने माझा खण आवरला."

टापटीप म्हणजे शेजारच्या मशीनवर बसणारी. तिला पसारा दिसला की चैन पडत नाही. स्वतःचा आवरून झाला की दुसऱ्याचा आवरते, आणि आवरलं हे सांगायला विसरते.

"मग सरळ आहे," धाकटी म्हणाली. तिला खरोखरच सरळ वाटलं. "रिळांच्या जागा तिने बदलल्या. तेवढंच सांगा. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही. पण ते तिचं खरं झालं, माझं नाही."

"ताई, तुमची खुर्ची जाईल."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

थोरली जिला खुर्ची म्हणायची ती खिडकीजवळची, एक पाय जरा आखूड असलेली, पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केलेली. तिच्या आधीच्या शिवणारीचे डोळे अधू झाले, तेव्हा तिला फुलं देऊन, सगळ्यांबरोबर फोटो काढून घरी पाठवलं होतं. तो फोटो अजून कपडेखोलीच्या भिंतीवर आहे. सगळे समोर बघताहेत आणि ती बाई भलतीकडेच. थोरलीने सव्वीस वर्षं तो फोटो बघितला होता. मोतीबिंदूची मोठी पाटी लावलेला डोळ्यांचा विभाग कपडेखोलीच्या वर दोन जिने होता, तरी ती चार महिने तिकडे फिरकली नव्हती.

"एक सांगू?" थोरली म्हणाली. "मी शिवताना मनातल्या मनात एक म्हणत असते. हे कापड ज्याच्या पाठीखाली जाईल, त्याला झोप लागू दे. दर चादरीला एकदा. तुला कधी सांगितलं नाही, तू हसशील म्हणून."

"नाही हसणार."

"सोमवारी बाराही चादरींना म्हणाले होते. आणि पुढे रोज आणखी एक मागणं असायचं, देवा, कुणाला कळू देऊ नकोस. चार महिने. काल रात्री लक्षात आलं, ही दोन मागणी एका तोंडाने मागत होते मी. देवाने कुठलं ऐकायचं?"

पूर्वी अशा वेळी धाकटी एखादं सुवचन म्हणाली असती. वाचनालयात शेकड्याने असतात. आज ती उठली आणि म्हणाली, "चला, पाय उचला. त्या चादरींवर माणसं निजलीयत."

मग दोघी अशा चालल्या की त्या बाकापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता कसा गेला ते कळलं नाही. वाटेत थोरली दोनदा फुटपाथच्या कडेला अडखळली. दुसऱ्यांदा धाकटीने तिचा दंड धरला आणि मग सोडलाच नाही. थोरलीनेही सोडवून घेतला नाही, आणि हे सतरा वर्षांत पहिल्यांदा घडलं.

इन्चार्ज सिस्टर नुकत्याच आल्या होत्या. खांद्याची पर्सही उतरवली नव्हती.

"सिस्टर, निजलेल्यांच्या वॉर्डात बारा पालटलेल्या चादरी गेल्यात. एक परत आली, अकरा तिथेच आहेत. गाठ हिरवी आहे, पण चादरी पालटलेल्या आहेत. चूक माझी. मला रंग ओळखू येत नाहीत. चार महिने येत नाहीत. मी सांगितलं नाही."

एका दमात म्हणाली. थांबली असती तर उरलेलं घशातच राहिलं असतं.

सिस्टरांनी पर्स खुर्चीवर टाकली आणि जिन्याकडे निघाल्या. थोरली मागोमाग. तिला कुणी या म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. शाळेची घंटा व्हायला अर्धा तास होता, म्हणून धाकटीही गेली.

अकरापैकी आठ चादरी कपाटातच होत्या, घडी न मोडलेल्या. दोन आज सकाळीच रिकाम्या खाटांवर घातल्या होत्या, तिथली माणसं तपासणीसाठी खाली नेली होती. उरली एक. ती पाच नंबरवर.

पाच नंबरच्या बाई म्हणजे ऐंशीच्या पुढच्या, पूर्वी टपाल कचेरीत पत्रं निवडणाऱ्या. कमरेखाली हालचाल नाही. वॉर्डातल्या दोघी मुलींनी त्यांना हळूच कुशीवर वळवलं. पाठीवर, कण्याच्या जरा बाजूला, एक लाल रेघ होती, आखून काढल्यासारखी सरळ. थोरलीला रंगांत घोटाळा होत असेल, पण ती रेघ तिला दिसली. तिची शिवण नेहमीच सरळ असते.

सिस्टरांनी बोटाने रेघेभोवती दाबून बघितलं. एकदा, दोनदा.

"कातडी फाटलेली नाही," त्या म्हणाल्या. "दाबलं की रंग बदलतोय, म्हणजे रक्त फिरतंय. आज सापडलं म्हणून. आणखी दोन रात्री गेल्या असत्या तर सांगता येत नाही."

थोरली खाटेच्या त्या बाजूला गेली जिथे बाईंचं तोंड होतं, आणि वाकली. "बाई, ही चादर मी शिवलेली. चुकीची गाठ मारली. तुम्हाला त्रास झाला तो माझ्यामुळे."

बाईंनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे खाली खरंच काहीतरी होतं?"

"होतं. शिवण होती."

"परवापासून सांगतेय मी, पाठीखाली दोरी आहे, दोरी आहे. ही पोरगी म्हणते, आजी, गादीवर काहीच नाही. मुलगा येऊन गेला, तो म्हणतो, आई, वय झालं की असं वाटतं." बाईंनी उशीवरून हात उचलला आणि थोरलीचं मनगट पकडलं. "मला वाटलं, पाय गेले, आता डोकंही चाललं. काल संध्याकाळी मी रडले हो त्यासाठी. तुम्ही आलात म्हणून बरं. डोकं शाबूत आहे ना माझं?"

"शाबूत आहे. आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे."

"मग त्या मुलाला फोन करून कोणीतरी सांगा," बाई म्हणाल्या. "माझं तो ऐकत नाही."

सिस्टरांनी तिथल्या तिथे फोन लावायला लावला.

खाली येताना जिन्यात सिस्टर थोरलीला म्हणाल्या, "आजपासून सुई नाही. घड्या घालायच्या. आणि उद्या सकाळी डोळ्यांच्या विभागात, माझ्याबरोबर. तुम्ही एकट्या जाणार नाही, हे मला आता कळलंय."

"आणि खुर्ची?"

"खुर्चीचं डोळे बघून ठरवू."

यापेक्षा जास्त काही त्या बोलल्या नाहीत, आणि थोरलीने मागितलंही नाही. ती कपडेखोलीत गेली तर टापटीप मशीनवर डोकं टेकून बसली होती. बातमी जिन्यापेक्षा लिफ्टने लवकर पोहोचते.

"मी खण आवरला नसता तर," टापटीप म्हणाली.

"तर पुढच्या महिन्यात कुणीतरी आवरला असता. खण आवरण्यासाठीच असतो."

"पण मला ठाऊक होतं ना, तुम्हाला नीट दिसत नाही ते. मला कळायला हवं होतं."

थोरलीने घडीची चादर खाली ठेवली. "तुला ठाऊक होतं?"

"अहो, सहा महिने मी रोज सकाळी पाच सुया ओवून तुमच्या टाचणउशीत टोचून ठेवतेय. तुम्हाला काय वाटलं, सुया आपोआप ओवल्या जातात?"

थोरलीला खरोखर वाटलं होतं की आदल्या संध्याकाळी आपणच ओवून ठेवतो आणि विसरतो. "तू तर म्हणायचीस, माझ्या जास्त झाल्या."

"मग काय म्हणू? तुम्ही एवढ्या मनापासून लपवत होतात. मोडता कसा घालायचा?"

लाँड्रीवाले दादा दारात गठ्ठा घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मला तर वर्षभर ठाऊक आहे. या बाई मला रोज 'कोण, शिपाई का?' म्हणतात."

थोरली हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लागला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ती धाकटीला म्हणाली, "बघ, माझी झाकलेली मूठ सगळ्यांनी उघडी बघितली होती आणि वरून हातही धरला होता. मी मात्र समजत होते, एकटीच ओढतेय. देवाचे आभार मानायचे तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. सुयांपासून करते."

आणि तिने खरोखरच तशी केली. रात्रीच्या प्रार्थनेत "पाच सुयांबद्दल" हे शब्द धाकटीने आपल्या कानांनी ऐकले.

पुढचे दिवस थोरलीने घड्या घातल्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याने येत नाही. समोर दुसरं माणूस लागतं, दोघांनी एकदम ओढायचं, एकदम पुढे यायचं. सव्वीस वर्षं ती पाठ करून खिडकीकडे बसली होती. आता रोज कुणी ना कुणी समोर येत होतं, आणि चादर ओढता ओढता घरचं सांगत होतं. दादांच्या मुलीचं लग्न मोडलं होतं हे तिला दहा वर्षांनी कळलं. मधल्या सुट्टीत ती पाच नंबरवर जायची. तिसऱ्या दिवशी रेघ फिकी झाली, सहाव्या दिवशी गेली. त्यानंतरही जात राहिली. बाईंना कुणाचं हस्ताक्षर कसं होतं याच्या शंभर गोष्टी येत होत्या.

घड्या घालतानाच तिला एक सुचलं, ते तिने सिस्टरांना सांगितलं: पालटलेल्या चादरीला एक गाठ नको, दोन मारा. मग दोऱ्याचा रंग दिसो न दिसो, अंधारातही बोटाला कळेल. सिस्टर म्हणाल्या, "हे सव्वीस वर्षांत का नाही सुचलं?" थोरली म्हणाली, "डोळे होते ना."

सतराव्या दिवशी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ज्याला ती चार महिने घाबरली ते वीस मिनिटांत उरकलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा धाकटी समोर होती. थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू एवढी पिकलीस कधी?"

"तुमच्याबरोबर राहून."

"आणि ही साडी निळी आहे? मी तुला चार महिने सांगतेय, हिरवी शोभते."

"मी पण म्हटलं, एवढं कौतुक आहे तर असू दे."

महिना भरला, पूल सुरू झाला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सिस्टर कपडेखोलीत आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे नुसती मान हलवली. थोरली बसली. डावा डोळा अजून बाकी होता, म्हणून गाठी मारल्यावर टापटीपने एकदा बघायच्या असं ठरलं. थोरलीला त्यात कमीपणा वाटला नाही. तिने पहिली चादर पुढे ओढली आणि तिचे ओठ हलले.

त्या रविवारी दुपारी धाकटी टेबलाशी लिहीत होती. त्यांच्या प्रार्थना मंडळाचं एक चार पानी पत्रक निघतं, त्यात दर महिन्याला एका सभासदाने आभाराचं पान लिहायचं असतं. धाकटीने थोरलीवर लिहिलं होतं. छापायला देण्याआधी तिने ते वाचून दाखवलं. चादरी, सुया, पाच नंबरच्या बाई, सगळं आलं होतं. थोरली हातातली वाटी पुसत ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"काय म्हणालीस? ते परत वाच."

धाकटीने वाचलं. "सव्वीस वर्षं साथ देणाऱ्या डोळ्यांनी त्या सोमवारी दगा दिला."

"हे खोड."

"का? छान उतरलंय वाक्य. आणि तुम्हाला कुणी नावं ठेवू नये म्हणून—"

"ठेवू देत. डोळ्यांनी कुठे दगा दिला? ते बिचारे चार महिने सांगत होते, सुई दिसत नाही, दोरा दिसत नाही. त्यांचं काम त्यांनी केलं. त्यांच्यावर कशाला ढकलतेस?" थोरलीने वाटी फळीवर ठेवली आणि येऊन धाकटीच्या शेजारी बसली. "मंडळात सत्तर बायका आहेत. एखादी तरी घरात 'दिसतंय गं, दिसतंय' म्हणत बसली असेल. ती हे वाचेल. म्हणून माझं एवढं ऐक. मला कळत होतं आणि मी लपवलं, असं लिही. माझ्यादेखत लिही, मी बघते."